ऑनलाइन दुकान कशावर उभं करू?

प्रश्न: मी हाताने शिवलेल्या वह्या बनवते. चाळीसेक कव्हरं, तीन मापं, चार प्रकारचे कागद आणि दोऱ्याचे सहा रंग, यातून गिऱ्हाईक हवी ती वही निवडतं. बरेच जण कव्हरवर नाव उमटवून मागतात. काही वह्या मात्र एकुलत्या एक असतात, तशी दुसरी होत नाही. आतापर्यंत ऑर्डरी मेसेजवर घेतल्या. आठवड्याला पंधरा-वीस येतात. पण कोणाचे पैसे आले, कोणाचे राहिले हे शोधण्यात रात्र जाते, आणि मागे एकच वही दोघींना विकून बसले. आता स्वतःची वेबसाइट हवी आहे. भाचा म्हणतो, वर्डप्रेसवर वूकॉमर्स टाकू, फुकट आहे. मैत्रिणीचं दुकान शॉपिफायवर आहे. ओळखीचा एक डेव्हलपर सगळं शून्यातून लिहून द्यायला तयार आहे. शिकायची माझी तयारी आहे, पण रोज तासाभराच्या वर वेळ नाही. दरमहा भाडं भरत बसण्यापेक्षा फुकटातलं बरं नाही का?
ता. क. भाचा माझा पासवर्ड मागतोय. देऊ का?

उत्तर: शून्यातून लिहून घेऊ नका, हे आधीच सांगून टाकू. बाकी दोघांत तुमच्या वेळेच्या हिशेबाने शॉपिफायसारखा भाड्याचा प्लॅटफॉर्म, म्हणजे दुकानाची तयार यंत्रणा, बसतो. वूकॉमर्स, म्हणजे वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरला दुकान जोडणारा भाग, वाईट अजिबात नाही, उलट एका बाबतीत ते तुमच्या कामाला जास्त जवळचं आहे, ते खाली येईलच. पण वूकॉमर्स घेतलं की दुकानासोबत इमारतीची डागडुजीही तुमच्याच गळ्यात पडते, आणि रोजच्या एका तासात वह्या शिवायच्या की प्लगइन (वर्डप्रेसचे असे जोडभाग) अपडेट करत बसायचं, हा प्रश्न दुसऱ्याच महिन्यात समोर उभा राहतो.

शून्यातून लिहिण्याबद्दल दोन शब्द. प्रॉडक्टचं पान, कार्ट आणि पैसे भरायचं बटण हे दाखवायला झटपट तयार होतं, म्हणून डेव्हलपरला काम सोपं वाटतं. पण दोन वह्यांच्या ऑर्डरीतली एकच परत आली तर अर्धा परतावा कसा द्यायचा, डिस्काउंट कूपन लावल्यावर कराची रक्कम पूर्णांकात कशी आणायची, गिऱ्हाईक पासवर्ड विसरलं तर काय, पत्ता चुकला तर ऑर्डर गेल्यावर कसा बदलायचा, असल्या शेकडो बारीकसारीक गोष्टी तयार प्लॅटफॉर्ममध्ये वर्षानुवर्षं घासून बसवलेल्या असतात. त्या तुम्ही एकेक करून, चुका भोगून, पुन्हा लिहून घ्याल. आणि तो कोड कळणारा माणूस जगात एकच असेल. त्याला दुसरी नोकरी लागली की संपलं.

आता खरा मुद्दा. प्लॅटफॉर्मची तुलना करणारे तक्ते वाचू नका, त्यात सगळ्यांपुढे बरोबरच्याच खुणा असतात. आपली सगळ्यात अवघड वही घ्या आणि ती त्या प्लॅटफॉर्मवर मांडून पाहा. तुमची अवघड वही कोणती, ते पत्रातच आहे: कव्हर, माप, कागद, दोरा, आणि वर नाव.

समजा 'वही' असं एकच प्रॉडक्ट केलं आणि त्याला चार ऑप्शन दिले. ४० कव्हरं × ३ मापं × ४ कागद × ६ दोरे म्हणजे २,८८० व्हेरियंट, म्हणजे एकाच वस्तूचे इतके वेगवेगळे प्रकार. शॉपिफायवर हे होणारच नाही. तिथे एका प्रॉडक्टला तीनच ऑप्शन देता येतात. व्हेरियंटची मर्यादा अनेक वर्षं १०० होती, ती आता २,०४८ झाली आहे, पण ऑप्शन तीनच राहिले. वूकॉमर्सवर ऑप्शन कितीही देता येतात, म्हणून तिथे हे वरवर जमल्यासारखं वाटतं. पण एका प्रॉडक्टचे व्हेरिएशन (व्हेरियंटचंच तिथलं नाव) ३० च्या वर गेले की वूकॉमर्स सगळी यादी पानासोबत पाठवणं बंद करतं आणि सगळे खाने भरून झाल्यावरच सर्व्हरला विचारतं. मग जे संपलंय ते आधीच यादीतून गळत नाही. गिऱ्हाईक चारही खाने भरतं आणि तेव्हा कुठे कळतं की ही जोडी उपलब्ध नाही. तिसऱ्यांदा असं झालं की ते निघून जातं.

यातून वाट काढायला एक साधी कसोटी लावा. जे बदललं की किंमत, वजन, स्टॉक किंवा फोटो बदलतो, तो व्हेरियंट. जे बदललं तरी यातलं काहीच बदलत नाही, ती नुसती सूचना. दोऱ्याचा रंग बदलल्याने किंमत बदलत नाही, पुडक्याचं वजन बदलत नाही, आणि दोऱ्याची रिळं तुम्ही एकेक मोजून विकत नाही. म्हणजे दोरा ही सूचना. नावही सूचनाच. कव्हर बदललं की फोटो बदलतो, आणि गिऱ्हाईक शोधतंही कव्हरावरून, म्हणून प्रत्येक कव्हर हे स्वतंत्र प्रॉडक्ट. उरलं माप आणि कागद: ३ × ४ = १२ व्हेरियंट. चाळीस प्रॉडक्ट, प्रत्येकाचे बारा व्हेरियंट. हे कुठल्याही प्लॅटफॉर्मवर सुखाने बसतं. याउलट दोराही व्हेरियंटमध्ये ओढला असता तर प्रत्येक कव्हरामागे ७२ झाले असते आणि वूकॉमर्सची ती ३० ची रेघ विनाकारण ओलांडली असती.

दोरा आणि नाव यांच्यासाठी शॉपिफायमध्ये 'लाइन आयटम प्रॉपर्टी' नावाची सोय आहे. थीमच्या (दुकानाच्या पानांच्या साच्याच्या) प्रॉडक्ट फॉर्ममध्ये रंग निवडायची एक यादी आणि मजकूर लिहायचा एक खाना घातला की गिऱ्हाईकाने लिहिलेलं कार्टमध्ये आणि पुढे ऑर्डरीत दिसतं. त्याला वेगळं ॲप (शॉपिफायला जोडायचं जादा सॉफ्टवेअर) लागत नाही, थीमच्या कोडात चार ओळी लागतात आणि तेवढं भाच्याला नक्की जमेल. वूकॉमर्सवर हेच काम 'प्रॉडक्ट ॲड-ऑन' प्रकारातलं प्लगइन करतं. एक मेख मात्र लक्षात ठेवा: प्रॉपर्टीच्या खान्याला स्वतःची किंमत नसते. नाव उमटवायचे जादा पैसे घेत असाल तर शॉपिफायवर त्यासाठी ॲपचं भाडं सुरू होतं. त्यापेक्षा नावाचा खर्च वहीच्या किमतीतच धरावा आणि 'नाव उमटवून मिळेल' असं मोकळ्या मनाने लिहावं. नावाच्या खान्याला अक्षरांची मर्यादाही घाला, नाहीतर कोणीतरी अख्खी कविता लिहून पाठवेल आणि तुमच्या कव्हरावर मावतील बारा अक्षरं.

आता वूकॉमर्स ज्या बाबतीत सरस आहे ती गोष्ट, स्टॉक. एका कव्हराचे दहा कागद छापून ठेवलेत. वही कुठल्याही मापाची होवो, कव्हर त्यातूनच जाणार. वूकॉमर्समध्ये स्टॉक मूळ प्रॉडक्टवर ठेवता येतो: दहा लिहा, बाराही व्हेरिएशन त्या दहातूनच खर्च होतात. शॉपिफायमध्ये स्टॉक प्रत्येक व्हेरियंटचा वेगळा. बाराही व्हेरियंटपुढे दहा-दहा लिहिलंत तर दुकान १२० वह्या विकायला मोकळं, आणि तुमच्याकडे कव्हरं दहाच. सामायिक स्टॉकसाठी तिथे पुन्हा ॲप घ्यावं लागतं.

हे भांडण बहुतेक वेळा माल दोन गटांत विभागला की मिटतं. जी कव्हरं पुन्हा छापता येतात, त्यांचा स्टॉक मोजूच नका, ऑर्डर आल्यावर शिवायची आणि पाठवायला किती दिवस लागतील ते पानावर ठळक लिहायचं. ज्या वह्या एकुलत्या एक आहेत, त्या प्रत्येकीचं वेगळं प्रॉडक्ट, एकही व्हेरियंट नाही, स्टॉक १, आणि 'संपल्यावरही विक्री चालू ठेवा' ही खूण काढलेली. असं करता आलं तर शॉपिफाय पुरेसं आहे. पण तुमची बहुतेक कव्हरं पाच-दहाच्याच संख्येत छापलेली आणि पुन्हा न होणारी असतील, तर तराजू वूकॉमर्सकडे झुकतो, आणि मग खाली त्याबद्दल जे लिहिलंय ते तुम्हाला करावंच लागेल.

एकच वही दोघींना विकली जाण्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. कार्टमध्ये वही टाकली म्हणजे ती राखून ठेवली गेली, असं दोन्हीकडे होत नाही. जो आधी चेकआउट (पत्ता आणि पैसे भरून ऑर्डर पक्की करायचा टप्पा) पुरा करेल त्याची वही. वूकॉमर्समध्ये ऑर्डर टाकून पैसे न भरता कोणी बसून राहिलं तर ती वही ठराविक वेळ अडकते. ही वेळ सेटिंगमध्ये मुळात ६० मिनिटं असते, तेवढ्यात पैसे आले नाहीत तर ऑर्डर आपोआप रद्द होऊन वही पुन्हा विक्रीला येते. पैसे यायला उशीर लागणारा एखादा मार्ग तुम्ही ठेवलात, तर ऑर्डर रद्द झाल्यावर पैसे येऊन पोचतात आणि दरम्यान वही दुसऱ्याला गेलेली असते. तेव्हा एकुलत्या एक वह्यांना लगेच पक्का होणाराच पैशांचा मार्ग ठेवा.

आता फुकटाबद्दल. वूकॉमर्स २०११ साली आलं, २०१५ मध्ये ते ऑटोमॅटिक या वर्डप्रेस.कॉम चालवणाऱ्या कंपनीने घेतलं, आणि आजही तो मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यावर मिळणारा वर्डप्रेसचा प्लगइन आहे. परवाना फुकट आहे, चालवणं नाही. होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), डोमेन (साइटचं नाव), बॅकअप, ईमेल पाठवणारी सेवा आणि दोन-तीन सशुल्क प्लगइन असे खर्च येतात. सशुल्क प्लगइनचं वर्ष संपलं की तो बहुधा बंद पडत नाही, त्याचे अपडेट बंद होतात. घात तिथेच होतो, कारण वर्डप्रेसच्या साइटवर घुसणारे बहुतेक जण जुन्या, अपडेट न केलेल्या प्लगइनच्याच फटीतून घुसतात.

भाड्याच्या बाजूलाही छुपे खर्च आहेत. शॉपिफायच्या स्वतःच्या पेमेंट सेवेऐवजी बाहेरचा गेटवे (गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन तुम्हाला पोचवणारी सेवा) वापरलात, किंवा ती सेवा तुमच्या देशात मिळतच नसेल, तर गेटवेच्या कमिशनखेरीज प्लॅटफॉर्म विक्रीवर स्वतःचेही टक्के घेतो: नेहमीच्या सगळ्यात खालच्या योजनेत २ टक्के, त्यापुढच्या योजनेत १ टक्का. म्हणून वरची योजना कधी परवडते ते काढता येतं. दोन योजनांच्या मासिक भाड्यात जो फरक आहे, त्याच्या शंभरपट विक्री महिन्याला होऊ लागली की वरची योजना स्वस्त पडते. त्याआधी नाही. आणि ॲपची मासिक वर्गणी आधीच कागदावर मांडा. समीक्षा, कूपन, सामायिक स्टॉक, पाकिटावरचे पत्ते असं करत पाच ॲप झाली की त्यांची बेरीज मूळ भाड्याच्या वर जाऊ शकते. कुरिअरचा दर त्या-त्या क्षणी थेट कुरिअरकडून मागवून दाखवायची सोयही खालच्या योजनेत धरलेली नसते. पण ती तुम्हाला लागत नाही. वहीचं वजन ठरलेलं असतं, वजनाच्या तीन-चार पायऱ्या करून दर लिहिले की काम भागतं. फक्त वजन भरलेल्या खोक्यासकट मोजा. विमानाने जाणाऱ्या पुडक्याला बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५,००० ने भागतात आणि येणारं किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तेच धरतात. ३० × २५ × १० चं खोकं हलकं असलं तरी त्याचं दीड किलो मोजलं जातं.

विक्स आणि स्क्वेअरस्पेस या भाड्याच्याच दुसऱ्या प्लॅटफॉर्मचा उल्लेख कोणीतरी करेलच. चाळीस प्रॉडक्टना तेही चालतील, पानंही देखणी होतात. पण दुकान हे मुख्य काम असेल तर स्टॉक आणि ऑर्डरींची बाजू शॉपिफायची जास्त पक्की आहे, आणि विक्सवरची साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. मॅजेंटो हा मोठ्या दुकानांचा प्लॅटफॉर्म तुमच्यासाठी नाही. त्याची गोष्ट एवढ्याचसाठी सांगायची की मोठ्या नावाचीही हमी नसते: मॅजेंटोच्या पहिल्या आवृत्तीचा आधार जून २०२० मध्ये थांबला, दुसऱ्या आवृत्तीत जुन्या थीम आणि एक्स्टेंशन चालत नव्हत्या, आणि असंख्य दुकानांना घर नव्याने बांधावं लागलं.

वूकॉमर्सच ठरलं, तर पुढचा परिच्छेद भाच्यासमोर ठेवा आणि यातलं काय-काय तो दर महिन्याला करणार, ते त्याच्याकडून वदवून घ्या.

सर्वांत स्वस्त होस्टिंग घेऊ नका. प्रॉडक्टची पानं कॅशेतून, म्हणजे आधीच बनवून ठेवलेल्या प्रतीतून, भराभर उघडतात, पण कार्ट आणि चेकआउट कॅशेत ठेवता येत नाहीत, ती दर वेळी ताजी बनतात, आणि तिथे दरिद्री सर्व्हर गुडघे टेकतो. पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) मेमरी किमान २५६ एमबी असू द्या. कॅशेच्या प्लगइनमधून कार्ट, चेकआउट आणि 'माझं खातं' ही तीन पानं वगळली आहेत ना, ते स्वतः तपासा: दोन फोनवरून वेगवेगळ्या वह्या कार्टमध्ये टाका आणि पान पुन्हा उघडा. एका फोनवर दुसऱ्याची वही दिसली तर दुकान उघडायचं नाही. वर्डप्रेसची ठराविक वेळेची कामं कोणीतरी साइटवर आलं तरच चालतात. रात्रभर कोणी फिरकलं नाही तर तासाभरात रद्द व्हायची ऑर्डर सकाळपर्यंत तशीच. म्हणून होस्टिंगच्या पॅनेलमधून खरा क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सर्व्हरची सोय) दर पाच मिनिटांनी लावायचा आणि वर्डप्रेसचा आतला बंद करायचा. अपडेट थेट चालू दुकानावर करायचे नाहीत, आधी स्टेजिंगच्या, म्हणजे चाचणीसाठी ठेवलेल्या, प्रतीवर, तिथे एक ऑर्डर टाकून पाहायची, मग खऱ्यावर. आणि बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर तो बॅकअप नव्हे. रोजचा डेटाबेस (ऑर्डरी, प्रॉडक्ट, गिऱ्हाइकं यांच्या सगळ्या नोंदी) दुसरीकडे जायला हवा, आणि तो परत उभा करून पाहिलेला हवा. बॅकअप परत घालताना आणखी एक सापळा असतो: कालचा डेटाबेस आज घातला की दरम्यान आलेल्या ऑर्डरी पुसल्या जातात. आधी त्यांची यादी उतरवून घ्या.

होस्टिंग कुठलंही असो, पैशांचा रस्ता मात्र सगळीकडे सारखाच तपासायचा. गिऱ्हाईक गेटवेच्या पानावर पैसे भरतं आणि मग दुकानाच्या पानावर परत येतं, असं आपल्याला वाटतं. पण ते परत येईलच असं नाही. पैसे कापल्याचा मेसेज आला की लोक ब्राउझर बंद करतात. म्हणून गेटवे दुकानाला मागच्या दाराने वेगळा निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो पत्ता चुकीचा भरला असेल किंवा सुरक्षेच्या प्लगइनने तो अडवला असेल, तर पैसे कापलेले आणि ऑर्डर 'पैसे येणं बाकी' अशी दिसते. तुमची जी रात्र आज मेसेज चाळण्यात जाते, तीच पुन्हा. तपासणी सोपी आहे. सगळ्यात स्वस्त वस्तू खऱ्या पैशांनी विकत घ्या, पैसे कापले जाताच टॅब बंद करा, दुकानात परत येऊ नका. पाच मिनिटांनी ॲडमिनमध्ये, म्हणजे दुकान चालवायच्या आतल्या पानावर, ऑर्डर 'पैसे आले' अशी दिसायला हवी. मग त्याच ऑर्डरीचा अर्धा परतावा देऊन पाहा, तोही ॲडमिनमधूनच, गेटवेच्या वेगळ्या पॅनेलमधून नाही. कार्डाचा नंबर कधीही तुमच्या साइटवर उतरू देऊ नका. गेटवेचं पान किंवा गेटवेचीच चौकट वापरली की कार्डांच्या सुरक्षेचे जे नियम आहेत, पीसीआय डीएसएस, त्यातला तुमचा वाटा अगदी थोडा उरतो.

अचानक एका रात्रीत शंभरेक फसलेल्या ऑर्डरी, सगळ्या सर्वांत स्वस्त वस्तूच्या, असं दिसलं तर आनंदून जाऊ नका. चोरलेली कार्डं चालतात का हे पाहायला बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) छोट्या दुकानांचं चेकआउट वापरतात. गेटवेला लगेच कळवा, चेकआउटवर कॅप्चा (समोर माणूसच आहे ना, हे तपासणारं कोडं) लावा, आणि एका इंटरनेट पत्त्यावरून मिनिटाला किती प्रयत्न चालतील याला मर्यादा घाला. जे थोडे व्यवहार यशस्वी झाले असतील त्यांचे पैसे स्वतःहून परत करा, नाहीतर ते कार्डवाले तक्रार करून परत घेतील आणि वर दंड तुम्हाला बसेल.

ऑर्डरीचे ईमेल स्पॅममध्ये जाणं ही नव्या दुकानाची पहिली तक्रार असते. वर्डप्रेस मुळात सर्व्हरवरून थेट पत्र टाकतं आणि समोरच्याला ते संशयास्पद वाटतं. एसएमटीपीचा (ईमेल पाठवायच्या पद्धतीचा) प्लगइन घालून ईमेल पाठवणाऱ्या सेवेतून ते जाऊ द्या. शॉपिफायवर पाठवण्याची सोय असते, पण तुमच्या डोमेनवरून पत्र जायचं तर तिथेही डोमेन पडताळून घ्यावं लागतं. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा, पत्र खरंच तुमचंच आहे हे सांगणाऱ्या तीन नोंदी लागतात. एसपीएफची नोंद एकच असायला हवी. ईमेलच्या एका सेवेने सांगितली म्हणून एक आणि दुसरीने सांगितली म्हणून दुसरी, अशा दोन घातल्या की दोन्ही निकामी. दोन्ही सेवांची नावं एकाच ओळीत जोडायची.

आता मालाची यादी. ही चाळीस कव्हरांची यादी तुमच्या स्वतःच्या स्प्रेडशीटमध्ये मूळ म्हणून राहायला हवी, आणि प्लॅटफॉर्मवरची तिची प्रत. यादी सीएसव्ही (तक्त्याच्या साध्या मजकुराच्या) फाइलने चढवताना तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, ००४७ सारख्या एसकेयूची (वस्तूच्या तुमच्या ओळख क्रमांकाची) सुरुवातीची शून्यं एक्सेल खाऊन टाकतं आणि उरतं ४७. एसकेयूची सुरुवात अक्षराने करा, 'वही-००४७' असं, म्हणजे ते त्याला आकडा समजणार नाही. दुसरी, तेरा आकडी बारकोड एक्सेल घातांकात लिहितं आणि फाइल सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे जातात. तो रकाना फाइल उघडतानाच 'मजकूर' म्हणून निवडायचा. तिसरी, देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडला की ती येत नाहीत. आधी तीनच ओळींची फाइल चढवून पाहा, चाळीस प्रॉडक्ट चुकीचे चढले तर पुसायला अख्खा तास जातो.

नावं देवनागरीत असतील तर पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत हाताने लिहा. वर्डप्रेस पत्त्यासाठी २०० अक्षरांची जागा ठेवतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह सांकेतिक रूपात त्यातली नऊ जागा खातं. म्हणजे काना-मात्रा धरून बावीस चिन्हांत पत्ता तुटतो. 'निळ्या फुलांची कापडी वही' एवढ्यातच ती जागा जवळजवळ संपते, आणि पत्ता मेसेजमध्ये पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची माळ दिसते.

निवड पक्की करण्याआधी बाहेर पडायचं दारही पाहून ठेवा. चाचणीच्या काळातच प्रॉडक्ट, गिऱ्हाईक आणि ऑर्डरी या तिन्हींची निर्यात करून फाइल उघडून पाहा. गिऱ्हाइकांचे पासवर्ड एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर सहसा जात नाहीत, त्यांना ते नव्याने करावे लागतील. ॲपमध्ये साठलेल्या समीक्षा त्या ॲपमधूनच वेगळ्या काढाव्या लागतात. शॉपिफायवर पानाच्या पत्त्याचा मधला भाग ठरलेला असतो, तो बदलता येत नाही, म्हणून उद्या दुसरीकडे गेलात तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारी नोंद) लावावा लागेल. चाळीस ओळींचं काम आहे, भिण्यासारखं नाही, पण विसरलं तर शोधातून येणारं गिऱ्हाईक रिकाम्या पानावर आपटतं.

या सगळ्यात खरं तुमचं असं एकच, डोमेन. ते प्लॅटफॉर्मकडून किंवा डेव्हलपरकडून घेऊ नका, वेगळ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे), स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कार्डावरून घ्या. त्या खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेनची मुदत चुकून संपली तर ईमेल बंद पडतो, आणि नूतनीकरणाची आठवण आणि पासवर्ड बदलायचा दुवा दोन्ही त्याच बंद पेटीत जातात.

दोन आठवडे असे घालवा. पहिल्या दिवशी शॉपिफायची चाचणी उघडा आणि पाचच वह्या चढवा: नाव उमटवायची एक, एकुलती एक असलेली एक, सगळ्यात जड एक, सगळ्यात जास्त पर्यायांची एक, आणि जिचा फोटो नेहमी बिघडतो ती एक. फोटो लांब बाजूने १,६०० पिक्सेलच्या आसपास आणि २०० केबीच्या आत आणा. फोनमधून आलेला पाच एमबीचा फोटो तसाच टाकला की पान रेंगाळतं. गूगलच्या मोजणीत पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला तर ते चांगलं धरतात. पुढे चार-पाच मैत्रिणींना त्यांच्या फोनवरून ऑर्डर टाकायला सांगा आणि त्या कुठे अडखळतात ते शेजारी बसून बघा, मध्ये बोलू नका. तुम्ही स्वतः फोनवरून ऑर्डर उघडून दोऱ्याचा रंग आणि नाव एका नजरेत वाचता येतं का ते पाहा. वही शिवताना समोर तेवढंच लागणार आहे, आणि बरीच सुंदर ॲडमिन पानं नेमकी तीच माहिती तीन टिचक्यांपलीकडे दडवतात. पॅकिंगच्या चिठ्ठीवरही ती छापून येते का, हे विसरू नका.

भाच्याला पासवर्ड देऊ नका. दोन्हीकडे त्याचं वेगळं खातं काढता येतं. शॉपिफायवर योजनेत सोय असेल तर स्टाफ म्हणून, नाहीतर कोलॅबरेटर (बाहेरून मदत करणारा) म्हणून, थीम आणि प्रॉडक्ट एवढ्याच परवानग्यांचं. वर्डप्रेसवर काम चालू असेपर्यंत ॲडमिनिस्ट्रेटर आणि नंतर 'शॉप मॅनेजर'. स्वतःच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि तिचे राखीव कोड कागदावर उतरवून घ्या. वह्यांची तर तुमच्याकडे कमी नाही.